रंग हा रोग नव्हे

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून न्हाले नाही तर नरकात जावे लागते, असे आमची आजी सांगत असे. नरकाचे भय आता कुणाला फारसे उरलेले नाही. पण उटण्याची पुडी अजून घरोघर येते. नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, संत्र्याची वाळलेली साल असे काय काय कुटून केलेली ती खरखरीत पूड दुधात कालवून अंगाला चोळली, की वर्षाचा मळ निघाल्यासारखे वाटते आणि सण अंगाला लागतो. उटण्याने कुणी काळ्याचा गोरा झालेला मी पाहिला नाही, आणि उटण्याने कुणाचा चेहरा भाजलेलाही पाहिला नाही.

उटण्याच्या ह्या जागेवर अलीकडे दुसऱ्याच एका वस्तूने हक्क सांगायला सुरुवात केली आहे. आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेतून एस.टी. स्टँडकडे निघाले, की दसऱ्यापासूनच फलक दिसू लागतात: ‘दिवाळी ऑफर’, ‘ब्रायडल पॅकेज’, ‘केमिकल पील – तीन बैठकांत उजळ कांती’. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात. तेव्हा दिवाळीच्या बोनसला आणि लग्नाच्या मुलीला एकदमच गाठण्याचा हा मुहूर्त ज्याने कुणी शोधला, त्याचे व्यवहारज्ञान पक्के असले पाहिजे.

ह्या फलकांशी मला भांडायचे आहे. सणासुदीच्या अंकात भांडण कशाला, असे कुणी म्हणेल. पण हे भांडण सणातूनच निघाले आहे, आणि ज्या घरांत हा अंक फराळाच्या ताटाशेजारी उघडला जाईल, त्याच घरांतल्या मुली त्या फलकांखालच्या जिन्याने वर चढत असतात.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. तिचे नाव मी सांगणार नाही. वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. आता एका पतसंस्थेत नोकरी करते. आई शिवणकाम करते. मुलीचा रंग सावळा. पण तो रंग आहे हे मला तिच्या लग्नाचे बघू लागेपर्यंत कधी जाणवले नव्हते. शाळा सुटल्यापासून दर दिवाळीला ती फराळाला येते आणि येताना आईने केलेल्या चकल्यांचा डबा आणते. गेल्या दिवाळीला डबा आला, पण तो तिचा धाकटा भाऊ घेऊन आला. “ताईला बरं नाही,” एवढेच तो म्हणाला.

मी तिच्या घरी गेले तेव्हा ती ओढणी तोंडाभोवती गुंडाळून बसली होती. लग्न मार्गशीर्षात ठरले होते. बोनसचे पैसे भरून तिने तीन बैठका ठरवल्या होत्या. पहिली सुखरूप पार पडली. दुसऱ्या वेळी ‘जरा स्ट्राँग’ लावले. चेहरा पेटल्यासारखा झाला म्हणून तिने हात वर केला, तेव्हा लावणाऱ्या बाईंनी सांगितले, “जळजळतंय म्हणजे काम करतंय.” दुसऱ्या दिवशी ती नेहमीप्रमाणे भर उन्हात स्कूटीवरून कामाला गेली. उन्हात जाऊ नको असे तिला कुणी बजावले नव्हते. आठवड्याने दोन्ही गालांवर काळपट पट्टे उमटले. ब्रश जसा फिरला होता, तसेच्या तसे.

मग त्याच ठिकाणाहून तिला एक ट्यूब मिळाली. तीन दिवस बरे वाटले. ट्यूब थांबवली की लाली आणि खाज. पुन्हा लावली की आराम. त्या ट्यूबेत स्टेरॉइड होते, हे पुढे जिल्ह्याच्या गावी त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सांगितले. अशी पुष्कळ मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ सालीच केलेला आहे. नियम कागदावर आणि ट्यूब गल्ल्यावर, अशी आपल्याकडची वाटणी जुनीच आहे.

मुलाकडच्यांनी तारीख पुढे ढकलली. ती पुढेच राहिली.

आता ही ‘पील’ म्हणजे आहे तरी काय, ते आधी नीट पाहू. ज्याच्याशी भांडायचे त्याची बाजू न समजता भांडणे हे शाळेतल्या पोरांना शोभते, बाईंना शोभत नाही.

आपली बाहेरची कातडी कौलांनी शाकारलेल्या छपरासारखी असते. अगदी वर मृत पेशींचे पापुद्रे एकावर एक रचलेले. खालच्या थरात नव्या पेशी जन्मतात आणि साधारण महिन्याभरात वर येऊन त्यांचीच कौले होतात. पील म्हणजे ह्या छपरावर मोजून घातलेले आम्ल. ते पापुद्र्यांमधले सांधे सैल करते किंवा वरचा थर जाळूनच टाकते. जुने निघते, खालचे नवे वर येते. आम्ल किती खोल उतरले त्यावर सारे अवलंबून. वरवरच्या पीलने कौले उतरतात. मधल्या पीलने वासे हलतात. खोल पील भिंतीपर्यंत जाते. ग्लायकॉलिक, लॅक्टिक, मँडेलिक, सॅलिसिलिक ही आम्ले बहुधा वरच्या कामाची. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल कमी तीव्रतेत वरचे काम करते, पस्तीस टक्क्यांच्या सुमारास मधल्या थरात उतरते आणि पन्नासच्या पुढे गेले तर व्रण ठेवून जाते. ते लावताच कातडीवर दंव पडल्यासारखा पांढरेपणा येतो. तो किती येऊ द्यायचा आणि कुठे हात थांबवायचा, हे जाणणे हीच त्यातली विद्या. ग्लायकॉलिक आम्ल तर वेळ भरताच सोड्याच्या पाण्याने शमवावे लागते. मिनिट चुकले की कातडी चुकली. आणि फिनॉल, ज्याला आपण कार्बोलिक म्हणून ओळखतो, ते कातडीतून रक्तात उतरून हृदयाचे ठोके बिघडवू शकते. म्हणून ते लावताना हृदयावर यंत्राची नजर ठेवावी लागते.

ह्या विद्येचा जन्म सौंदर्याच्या दुकानात झालेला नाही. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्ना येथे फर्डिनांड फॉन हेब्रा हा त्वचारोगाचा मोठा वैद्य चेहऱ्यावरचे डाग अशा जहाल द्रव्यांनी घालवू पाहत होता. १८८२ साली हँबुर्गच्या पॉल उन्नाने सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल ह्यांचे कातडीवरचे परिणाम लिहून ठेवले. ज्या ग्लायकॉलिक गटातल्या आम्लांचे आज इतके कौतुक चालते, ती १९७४ साली व्हॅन स्कॉट आणि यू ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी कातडी माशाच्या खवल्यांसारखी होण्याच्या रोगावर गुणकारी म्हणून पुढे आणली. म्हणजे मुळात ही सारी औषधे, आणि तीही आजारी माणसांसाठी. मध्यंतरी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, अमेरिकेत डॉक्टर नसलेल्या सौंदर्यवाल्यांनी फिनॉलच्या गुप्त नुस्ख्यांवर धंदा केला. तेव्हा औषध दुकानात शिरण्याची ही काही पहिली वेळ नव्हे.

योग्य हातात ह्या आम्लांचा उपयोग होतो, हे मी मोकळेपणाने मान्य करते. माझ्या वर्गातला एक मुलगा मुरुमांनी इतका गांजला होता, की फळ्याजवळ यायला लाजायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर सॅलिसिलिक आम्लाच्या काही बैठका झाल्या, आणि तो पुन्हा हात वर करू लागला. मुरुमांचे खड्डे, वांग, उन्हाने आलेले डाग ह्यांवर जाणते डॉक्टर पील वापरतात. इतकेच काय, माझ्या त्या विद्यार्थिनीची कातडी शांत झाल्यावर तिच्या गालांवरचे पट्टे फिके करण्यासाठी डॉक्टरांनी महिन्यामहिन्याच्या अंतराने वापरले तेही एक सौम्य आम्लच. म्हणून माझे भांडण आम्लाशी नाही. रंगाला रोग ठरवून त्यावर हे औषध विकणाऱ्यांशी आहे, आणि ते विकत घेणाऱ्या आपल्याशीही आहे.

पील करून सावळी मुलगी गोरी होत नाही. होऊ शकतही नाही. रंग तयार करणाऱ्या पेशी कातडीच्या वरच्या आवरणाच्या अगदी तळाशी बसलेल्या असतात. त्यांची संख्या काळ्या आणि गोऱ्या माणसात जवळजवळ सारखीच. आपल्या पेशी रंग अधिक करतात आणि अधिक पसरून ठेवतात, एवढाच फरक. वरची कौले उतरली की चेहरा काही दिवस नितळ आणि उजळ दिसतो, तेवढ्यात फोटो काढले जातात. पण खालचा कारखाना तसाच चालू असतो आणि महिन्या-दोन महिन्यांत आपला मूळ रंग घरी परत येतो. ह्याला फसवणूक म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

एवढ्यावर थांबते तरी एक वेळ पैसे गेले म्हणून सोडून देता आले असते. पण आपली कातडी भाजली, दुखावली, चिडली, की तो कारखाना जोराने चालू लागतो आणि जखमेच्या जागी अधिकच रंग ओततो. डॉक्टर तिला म्हणाले, “आपल्या लोकांची कातडी अपमान विसरत नाही. काळी पडून आठवण ठेवते.” १९७५ साली फिट्झपॅट्रिक ह्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने ऊन लागल्यावर कातडीचे काय होते हे पाहून तिचे प्रकार पाडायला सुरुवात केली, त्याचे पुढे सहा प्रकार झाले. आपले बहुतेक लोक त्यांतल्या चौथ्या आणि पाचव्या घरात बसतात, आणि नेमक्या ह्याच घरांत आम्लाने काळे डाग पडण्याचा धोका मोठा. खोल पील तर उन्हाने सुरकुतलेल्या गोऱ्या कातड्यांच्या कामाची; आपल्या कातडीवर ती करू नये, असेच जाणकार सांगतात. म्हणजे गंमत बघा: ज्यांना सुरकुत्या लवकर पडतात आणि ज्यांच्या कातडीला उन्हाने कर्करोग होण्याचे भय जास्त, त्यांच्यासारखे दिसण्यासाठी आपण आपले जन्मजात छत्र जाळायला निघालो आहोत.

ह्यावर मला पुष्कळ उत्तरे मिळतात. एक उत्तर असे: “अहो बाई, हे फळांचं ॲसिड. नॅचरल असतं. उसातलं, दुधातलं, बदामातलं.” आमचा भाग उसाचा. उसापासून गूळ होतो तशी दारूही होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कशापासून काढले ह्यावरून औषधाचा गुण ठरत नाही. किती टक्के, किती तीव्र, किती वेळ आणि कुणाच्या हातून, ह्यावरून ठरतो. आणि घरगुती म्हणजे निरुपद्रवी, हेही खोटे. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात बसणाऱ्यांना फोड येतात आणि डाग राहतात; त्यासाठी पार्लरची पायरीही चढावी लागत नाही.

दुसरे उत्तर असे, की तुम्ही जुन्या वळणाच्या. मुलींनी आपल्या पैशाने आपला चेहरा सजवला तर तुमचे काय जाते? सजवण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः केस रंगवते. पण स्वातंत्र्याची ही भाषा ऐकली, की मला त्या मुलीच्या आईने मशीन थांबवून विचारलेला प्रश्न आठवतो: “पील नसती केली तर मुलाकडच्यांनी पसंत केली असती का हो, बाई?” जिथे नाही म्हटल्याची शिक्षा लग्न मोडणे अशी आहे, तिथे हो म्हणण्याला स्वातंत्र्य म्हणणे ही थट्टा आहे.

आणि ज्या बाईने ते आम्ल लावले, तिच्यावरही माझा सारा राग नाही. तीही पोटासाठीच करते. चार दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले आणि बाटलीवर धड टक्केवारीही छापलेली नाही. ज्याने तिला ती बाटली विकली, त्याने तिचीही फसवणूकच केली. आता तर बाटली मोबाईलवरून मागवली की घरपोच येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये, तीव्र आम्लांच्या अशा पील घरच्या घरी, जाणत्या देखरेखीवाचून वापरू नका, त्यांनी कातडी भाजते, असा इशारा दिला. तिथे ही स्थिती, तर आपल्याकडे न्हाणीघराच्या आरशासमोर काय चालत असेल, त्याची कल्पना करावी.

कायद्याने काही होईल म्हणावे, तर जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा आपला कायदा १९५४ सालचा आहे. त्यात सुधारणा करून कातडी गोरी करण्याच्या दाव्यांनाही बंदी घालावी, असा मसुदा २०२० साली सरकारने काढला होता. त्याच वर्षी १९७५ पासून चालत आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने आपल्या नावातला गोरेपणा काढून ‘ग्लो’ हा शब्द घातला, आणि एका मोठ्या विवाह-संकेतस्थळाने रंगावरून स्थळ निवडण्याची सोय काढली. हे बरेच झाले. पण शब्द बदलले तरी भूक बदलत नाही. ‘गोरी’ जाऊन ‘उजळ’ आली, ‘उजळ’ जाऊन ‘ग्लो’ आला. चहापोह्याच्या कार्यक्रमात मुलाची मावशी अजून मुलीच्या मनगटाशी आपले मनगट लावूनच बघते.

ही भूक मुलीच्या जन्माआधीपासून सुरू होते. गरोदर सुनेला केशर-दूध कशासाठी देतात, ते साऱ्यांना माहीत आहे. मूल झाले की आधी मुलगा का मुलगी आणि लगेच दुसरा प्रश्न, रंग कुणाचा घेतला? मग मसुरीच्या पिठाची आंघोळ. शाळेच्या स्नेहसंमेलनात राजकन्या कोण आणि दासी कोण हे आम्ही शिक्षक कसे ठरवतो, तेही मला पुरते ठाऊक आहे. ज्या महाराष्ट्राने काळ्या विठोबासाठी पंढरपूरची वाट शतकानुशतके तुडवली, ज्या देशात महाभारताच्या नायिकेचे नावच तिच्या रंगावरून कृष्णा पडले, तिथे देव काळा चालतो आणि सून चालत नाही!

इथवर लिहिताना मी बाहेरच्यांकडे बोट दाखवत आले. आता ते वळवायला हवे. गेल्या दिवाळीला त्या मुलीच्या घरून निघताना ती अगदी साधेपणाने म्हणाली, “बाई, तुमच्या कादंबरीतली नायिका किती गोरी आहे ना! मी शाळेत असताना तीनदा वाचली होती.” तिच्या बोलण्यात रोख नव्हता. असता तर सोसणे सोपे गेले असते.

घरी येऊन मी माझ्या कादंबऱ्या उघडल्या. पहिलीतली नायिका केतकीच्या पातीसारखी. दुसरीतली दुधात केशर घातल्यासारखी. मोलकरीण काळीसावळी, आणि कपटी जाऊ तर काळीकुट्ट. हे मी कधी ठरवून लिहिले नव्हते. लेखणीतून आपोआप उतरले होते. सावळी मुलगी माझ्या एकाही पुस्तकात प्रेमात पडली नव्हती. त्या पार्लरवाल्या बाईने माझ्या विद्यार्थिनीच्या गालावर आम्ल दोन वेळा लावले. मी ते तिच्या मनावर तीनदा लावले होते, आणि वर बक्षीस म्हणून ते पुस्तक स्वतःच्या सहीने दिले होते.

म्हणून ह्या लेखात मी नुसता उपदेश करून सुटू शकत नाही. माझ्यापुरते मी ठरवले आहे, की ह्यापुढे माझ्या पुस्तकात गोरेपणा हा गुण म्हणून येणार नाही. स्नेहसंमेलनात राजकन्या निवडताना चेहऱ्याऐवजी आवाज ऐकायचा, असेही मी यंदा शाळेत भांडून ठरवून घेतले. माझ्या हातात एवढेच होते.

आपल्या हातात काय आहे, तेही सांगते. चेहऱ्याला खरोखर आजार असेल, मुरुमे असतील, वांग असेल, तर त्वचारोगाच्या डॉक्टरांकडेच जा. पील सुचवली तर विचारा: कोणते आम्ल, किती टक्के, कशासाठी, आणि आधी कानामागे लावून बघणार का? मुरुमांच्या गोळ्या चालू असतील, तोंडावर नागिणीसारखे फोड उठत असतील, दिवस गेले असतील, तर ते लपवू नका. पीलनंतर उन्हापासून चेहरा जपा आणि पापुद्रा सुटला तर नखाने ओढू नका. लग्न तोंडावर आले असताना आयुष्यातली पहिली पील कधीही करू नका. आणि आग होऊ लागली तर उठा, चेहरा भरपूर पाण्याने धुवा आणि सरळ डॉक्टरांकडे जा. जळजळते आहे म्हणजे जळते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

पण तुम्हाला आजार नसेल, फक्त रंग असेल, तर त्यावर कुणाकडेही औषध नाही, कारण औषध लागावे असे तिथे काही नाही.

ती मुलगी यंदा फराळाला येणार आहे. पट्टे बरेच फिके झाले आहेत. डाव्या गालावरचा एक राहील, असे डॉक्टर म्हणतात. चकल्यांचा डबा घेऊन मीच येणार, असा तिचा निरोप आला आहे. आपणा सर्वांकडे माझे मागणे एवढेच: ह्या तुळशीच्या लग्नानंतर आपण कुणाची मुलगी बघायला जाल, किंवा आपल्या मुलीचा कागद तयार कराल, तेव्हा त्यातला रंगाचा रकाना तेवढा खोडून टाका. बाकी उटणे खुशाल लावा. त्याने मळ निघतो, आणि घालवण्यासारखे कातडीवर तेवढेच असते.